गाडी दादाच्या नावावर

मुलुंड (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९७३

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

दिवाळीचं तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायला इतके दिवस लावले म्हणून शिव्या घालत असशील तर घाल. आज लिहितोय तेही काम निघालं म्हणूनच.

परवा दुपारी आपल्याकडे पोलीस आला होता. घाबरू नकोस, साधं समन्स घेऊन आला होता. मी ऑफिसात, भाऊ बाकीच्या पेन्शनरांबरोबर लायब्ररीत, घरी एकटी आई. त्याने विचारलं, "चंद्रप्रकाश सदाशिव पोतनीस इथेच राहतात ना?" आई म्हणाली, "हो." तो म्हणाला, "बोलवा त्यांना." त्यावर आई म्हणाली, "तो बाहेर गेलाय. संध्याकाळी येईल." मग तिने त्याच्या कागदावर सही केली, त्याला पाणी दिलं आणि समन्स आणून माझ्या उशीवर ठेवलं. हे सगळं मला शेजारच्या वनमालाबाईंनी सांगितलं, त्या गॅलरीतच उभ्या होत्या. आईला मी काही विचारलं नाही. आमच्याकडे आता कुणी कुणाला काही विचारत नाही. पोळ्या होतात, रेडिओ लागतो, दिवे मालवतात.

समन्स स्कूटरचं आहे. तू नाशिकला गेलीस तेव्हापासून ती मीच चालवतो, पण ती अजून दादाच्याच नावावर आहे. मी ती माझ्या नावावर करून घ्यायला निघालो होतो, तेव्हा आईने गाडीचं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि कपाटात टाकलं. "चालवायची तर चालव. नाव बदलायचं नाही." त्यामुळे टॅक्स दादाच्या नावाने, विमा दादाच्या नावाने. वर्षातून दोनचार पाकिटं त्याच्या नावाची येतात, ती आई उघडत नाही आणि टाकतही नाही. मीही म्हटलं, चाललंय ते चालू दे.

तर सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी घाटकोपरला मॅटिनीला गेलो होतो. घरी सांगितलं होतं ऑफिसात जास्तीचं काम आहे. स्टेशनजवळ गाडी लावली ती नो पार्किंगच्या पाटीला टेकून, म्हणजे पाटी दिसली नाही असं म्हणायचीही सोय नाही. हवालदाराने नंबर टिपून घेतला असणार. नंबर माझा नाही, दादाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ऑफिसातला एक जण म्हणतो, "अरे यार, टेन्शन कशाला घेतोस? नाव पुकारलं की हजर म्हण, गुन्हा कबूल म्हण, दंड भर आणि बाहेर ये. तिथे कोण तुझा फोटो बघतोय?" खरंही आहे. आणि कुणीच गेलं नाही तर वॉरंट निघतं. म्हणजे पोलीस पुन्हा दारात, पुन्हा आईसमोर, आणि ह्या वेळी संध्याकाळपर्यंत थांबायलाही तयार.

पण दादा म्हणून उभं राहायचं म्हणजे, वहिनी, कसं तरी वाटतं. तू त्याची बायको. तुला विचारल्याशिवाय जाववेना. हो की नाही एवढंच कळव.

तुझा
नंदू


नाशिक
२७ नोव्हेंबर १९७३

प्रिय नंदू,
अनेक आशीर्वाद.

हो. खुशाल उभा राहा आणि दंड भरून मोकळा हो. ह्यांना राग आला नसता. तुझ्या मॅटिनीचं कळल्यावर आधी विचारलं असतं, पिक्चर कुठला होता, आणि मला न घेता कसा गेलास.

आईंचं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मग सहामाहीचे पेपर राहिले होते ते तपासत बसले. हल्ली माझं असंच होतं. काही आत जातच नाही.

आता माझं काम. मी लग्न करतेय, नंदू.

आमच्या शाळेत टिपणीस म्हणून गणिताचे सर आहेत. विधुर आहेत, शुभा नावाची दहा वर्षांची मुलगी आहे. आनंद झालाय का असं विचारशील, तर खरंच माहीत नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलं की शुभा पाढे म्हणत असते आणि ते कणीक मळत असतात. मळता येत नाही नीट, पाणी जास्त पडतं. तिथे मला बसवतं. माझ्या खोलीत बसवत नाही. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. माझ्या थोरल्या भावाने, अप्पाने, हो म्हटलंय.

लग्न रजिस्टर करायचं आहे. पण मी विधवा, म्हणून त्या ऑफिसात आधी ह्यांच्या मृत्यूचा दाखला मागतात. आपल्याकडे होता तो ह्यांच्या कंपनीने फंडाचे पैसे देताना ठेवून घेतला. मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसातून नक्कल मिळेल, ती मला आणून पाठव.

मात्र चोरून आणायची नाही. आधी भाऊंना सांगायचं की कुंदा लग्न करतेय. खरं तर मीच लिहायला हवं. बसलेही होते, पण 'तीर्थस्वरूप भाऊंस' याच्यापुढे पेन जाईना. परवानगी मागत नाहीये मी. पण मी त्यांची सून, त्यांच्या घरात नांदलेली बाई. त्यांना न सांगता दुसरं घर केलं असं व्हायला नको. त्यांना कळल्याशिवाय मी सही करणार नाही, हे मी टिपणीसांनाही सांगून ठेवलंय. आणि आईंना कसं सांगायचं, ते भाऊच जाणोत.

तेवढं कर.

कुंदा


मुलुंड
११ डिसेंबर १९७३

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हे दादाला सांगायला हवं, असं वाटलं. 

झकास झालं, वहिनी. अगदी मनापासून. आता तुला वहिनी म्हणायचं की नाही हा प्रश्न आहेच, पण माझी जीभ काही वळायची नाही. टिपणीसांनी माझ्याशी जमवून घ्यावं. कणीक मळायला मी शिकवीन, दादाच्या आजारपणात मीच मळत होतो.

दाखल्याचं मात्र कठीण आहे गं. वॉर्ड ऑफिसातलं ते टेबल कुणाचं होतं, विसरलीस? जन्ममृत्यूच्या नोंदी भाऊच करायचे की! रिटायर होईपर्यंत तिथेच. मुलुंडातली निम्मी पोरं त्यांच्या अक्षरात जन्मली आणि निम्मी म्हातारी त्यांच्या अक्षरात गेली. दादाच्या वेळी मात्र ते गेले नाहीत. नोंद करायला वनमालाबाईंचे यजमान गेले होते. तेव्हापासून भाऊ त्या रस्त्यालाच जात नाहीत, बाजारात जायचं तरी वळसा घालून जातात. आता तिथे त्यांच्या हाताखालचे सावंत बसतात. मी सकाळी अर्ज केला तर संध्याकाळी सावंत चहाला आपल्याकडे. म्हणजे तुझी अट पाळण्यावाचून गत्यंतर नाही, आधी सांगायलाच हवं. आणि सांगायचं म्हणजे दादा वारला हे शब्द घरात काढायला हवेत. ते तीन वर्षांत कुणी काढलेले नाहीत. आई त्याला 'तो' म्हणते. भाऊ तेवढंही म्हणत नाहीत.

दुसरं लफडं पुढे ऐक. समन्सचं भाऊंना कळलं. परवा जेवताना मला म्हणाले,

"कोर्टात काय करणार आहेस?"

"दंड भरून टाकतो."

"गुन्हा कबूल म्हणून?"

"हो."

"गाडी कुणी लावली?"

"मी."

"मग त्याने का कबूल करायचं?"

वहिनी, आई भात वाढत होती, ती वाढतच राहिली. मी म्हटलं, "भाऊ, दहा-पंधरा रुपयांची गोष्ट आहे. नुसतं कागदावर."

"कागदावर लिहिलेलं पुसलं जात नाही," भाऊ म्हणाले. "मी जन्मभर तेच काम केलंय. कबूल करायचं नाही. मी येणार कोर्टात." आणि ताक ओतून घेतलं.

तीन वर्षं हा माणूस ताटाकडे बघून जेवला, आणि बोलला तो एका नो पार्किंगसाठी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचे भाऊ निघालेत हात दाखवून अवलक्षण करायला. अगं, कबूल नाही म्हटलं की केस उभी राहणार. मग विचारणार, आरोपी कुठे आहे? आणि नाहीच म्हटलं, तर पोलिसाला 'संध्याकाळी येईल' असं सांगून सही कुणी केली? आईने. तिला कोर्टात बोलावलं तर ती तिथे काय सांगेल, देवालाच ठाऊक.

तारीख बावीस फेब्रुवारीची आहे. तुझं सांगणं तेवढं राहिलंय. आत्ता बोललो तर दोन्ही एकदम अंगावर येईल. तारीख उरकू दे, मग सांगतो.

नंदू


नाशिक
२३ डिसेंबर १९७३

नंदू,

रागावले आहे म्हणून मायना लिहीत नाही.

तारीख उरकू दे म्हणजे फेब्रुवारी संपणार. टिपणीस काही बोलत नाहीत, पण त्यांच्या आई बोलतात. "पहिल्या घरची माणसं सोडत नाहीत का हिला?" असं परवा माझ्यासमोरच विचारलं त्यांनी. खरं तर मला कुणी धरूनही ठेवलेलं नाही.

तू मला गुंडाळतोयस असं मला वाटतं. तू भाऊंना सांगितलंयस, त्यांना ते पसंत पडलेलं नाही, आणि कोर्टाचं निमित्त पुढे करून तू ते लपवतोयस. तसं असेल तर सरळ लिही. मी मोडून पडणार नाही. मोडायचं ते मोडून झालंय.

ह्यांच्या तेराव्यानंतर मी नाशिकला यायला निघाले तेव्हा भाऊ मला ठाण्यापर्यंत पोचवायला आले होते. माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलली, हमाल केला नाही. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. एकदाही मान वर करून बघितलं नाही. मी तेव्हाच समजले की त्यांच्या दृष्टीने मीही त्याच दिवशी गेले. कावीळ ओळखायला मला उशीर झाला असंही त्यांना वाटत असेल. मला स्वतःला वाटतं, तर त्यांना का वाटू नये?

म्हणूनच त्यांना सांगायचंय. शिव्या दिल्या तरी चालतील. पण ऐकल्यावर त्यांनी काहीतरी बोलायला हवं.

कुंदा


मुलुंड
२४ फेब्रुवारी १९७४

प्रिय वहिनी,

मध्ये दोन महिने गेले. तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण काही घडलंच नव्हतं आणि नुसत्या शपथा घेऊन काय लिहायचं? मी काही लपवलं नव्हतं, एवढं आता मान. आज सगळं लिहितो.

परवा कोर्टात गेलो. भाऊंनी ऑफिसचा जुना कोट घातला होता, डोक्याला काळी टोपी. आई म्हणाली, "एवढ्या उन्हाचे कुठे?" भाऊ म्हणाले, "काम आहे." मागे बसून निघाले, दादाच्याच गाडीवर. पेट्रोल इतकं महाग झालंय की हल्ली मी ती रविवारीच काढतो, पण भाऊ बसने जायला तयार नव्हते. तिथे पोचल्यावर गाडी कुठे लावायची ह्यावरच मला घाम फुटला. नो पार्किंगची केस लढायला आलो आणि कोर्टाच्या दारात पुन्हा नंबर घेतला तर! शेवटी लांब एका पंक्चरवाल्याकडे गयावया करून लावली. भाऊ तेवढं सगळं शांतपणे बघत उभे.

आत ही गर्दी. डबलसीट सायकलवाले, बिनदिव्याचे सायकलवाले, हातगाडीवाले, एक खारदांड्याची कोळीण, तिचा टेम्पो सिग्नल तोडून गेला म्हणून टेम्पोवाल्याला शिव्या घालत बसलेली. मॅजिस्ट्रेट मान वर न करता विचारत होते, समोरचा कबूल म्हणत होता, दंड लागत होता. कांदे निवडल्यासारखं चाललं होतं. मी भाऊंच्या कानाशी म्हटलं, "भाऊ, अजून सांगतो, मी कबूल म्हणतो, दोन मिनिटांत सुटू." त्यांनी ऐकलंच नाही.

मग शिपायाने पुकारा केला. "चंद्रप्रकाश सदाशिव पोतनीस हाजिर है?"

वहिनी, मला वाटलं होतं, मी चटकन उठेन. इतक्या वर्षांत ते नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. अख्ख्या व्हरांड्यात ऐकू गेलं. मी बसूनच होतो. शिपाई दुसऱ्यांदा ओरडला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "हजर." भाऊ उठून चालायलाही लागले होते.

पिंजऱ्यात उभे राहिले. कारकुनाने नाव विचारलं.

"चंद्रप्रकाश सदाशिव पोतनीस."

"वय?"

"चौतीस."

कारकुनाने लिहिलंसुद्धा! मग त्याची मान वर झाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मॅजिस्ट्रेटनीही बघितलं. "आजोबा, वय तुमचं विचारलंय."

"माझं त्रेसष्ट," भाऊ म्हणाले. "तुम्ही ज्याला बोलावलंत त्याचं चौतीस. गेल्या महिन्यात पूर्ण झालं."

"मग तो कुठे आहे?"

भाऊंनी कठडा धरला. मी उठून पुढे गेलो, कारण मला वाटलं ते पडणार. पडले नाहीत. नोंदवहीतून वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "तो वारला. जुलै एकोणीसशे सत्तर. कावीळ."



"मग घरी समन्स कोणी घेतलं? तो संध्याकाळी येईल असं इथे लिहिलंय."

"त्याच्या आईने. तिने खोटं सांगितलं असं साहेबांनी धरू नये. तिला नीट कुणी सांगितलेलं नाही. ते माझं काम होतं, मी केलं नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "गाडी ह्याने लावली. गुन्हा ह्याचा. दंड ह्याच्या नावावर लिहा. त्याच्या नावावर लिहू नका."

सिनेमात असतं तसं काही झालं नाही. मॅजिस्ट्रेटनी घड्याळ बघितलं. "मृत्यूचा दाखला आहे?" भाऊ म्हणाले, "नाही." "मग मी कशावरून लिहू? दाखला आणा. पंधरा मार्च." आणि लगेच पुढचा पुकारा. आम्ही बाहेर आलो. मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर लोकांना दाखले देणाऱ्या माणसाला दाखला आणायला सांगितलं.

मग एका उडप्याकडे चहा घेतला. भाऊंनीच विचारलं, "कुंदाचं पत्र येतं ना तुला? काय लिहिते?" म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सांगून टाकलं सगळं. टिपणीस, शुभा, रजिस्टर, तुलाही तोच दाखला हवाय, आणि त्यांना कळल्याशिवाय तू सही करणार नाहीस हेही. भाऊंनी बशीतला चहा संपवला. कप बशीवर नीट ठेवला. म्हणाले, "चल. ऊन वाढेल."

मुलुंडपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले होते.  घरी आल्यावर कोट टांगला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. कालही बोलले नाहीत, आजही नाहीत. वहिनी, वाट लागली असं समज. चुकीच्या दिवशी सांगितलं मी. एका दिवसात माणसाने किती ऐकायचं?

नंदू


नाशिक
१ मार्च १९७४

प्रिय नंदू,

तू सांगितलंस, तुझं काम झालं. चुकीचा दिवस वगैरे काही नाही. असल्या गोष्टींना बरोबर दिवस कुठला असतो?

ते बोलले नाहीत, हे त्यांचं उत्तर आहे. ठीक आहे. त्यांना कळलं, म्हणजे माझी अट पुरी झाली. दाखल्यासाठी मी पोस्टाने अर्ज करते, सोमवारी पाठवीन. तू आता मध्ये पडू नकोस. आईंना माझं काही सांगू नकोस.

चौतीस वाचलं. मी मोजलंच नव्हतं रे. माझ्यासाठी हे तीस वर्षांचेच राहिले. ह्या महिन्याच्या शेवटी मला एकतीस पुरी होतील. म्हणजे मी ह्यांच्याहून मोठी. आणि तिकडे भाऊ दरवर्षी ह्यांचा वाढदिवस करत होते मनातल्या मनात, आणि आपल्याला वाटत होतं की ते विसरायला बघतायत.

शुभाला गोवर आलाय. रात्री तिथेच थांबते. बाकी ठीक.

कुंदा


मुलुंड, मुंबई ८१
१७ मार्च १९७४

चि. सौ. कां. कुंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

मायना वाचून दचकू नये. लेखणी घसरलेली नाही. विचार करून लिहिला आहे.

कोर्टातून येताना मी काही बोललो नाही याचा चि. नंदूने भलताच अर्थ घेतला व तुला तसा कळवला असे त्याच्याकडून समजले. मला बोलण्याची सवय राहिलेली नाही, एवढेच त्याचे कारण. कावीळ ओळखण्यास तुझ्याकडून उशीर झाला असे तुला वाटते, हेही त्याने सांगितले. तसे नाही. डॉक्टरांनी प्रथम साधा ताप म्हटले, तेव्हा मी तेथे होतो. मीही तेच मानले. हे तुला ठाण्याला सांगावयाचे होते. सांगता आले नाही.

पोस्टाने अर्ज केला असल्यास त्याची वाट पाहू नये, वेळ लागतो. मी स्वतः ऑफिसात गेलो. सावंतांनी आत बोलावून खुर्ची दिली, ती घेतली नाही. खिडकीशी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक बाई होत्या, त्यांना सासऱ्यांचे वय सांगता येईना. मी नोकरीत असताना अशा लोकांवर रागावत असे. घरच्या माणसाचे वय माहीत नसावे म्हणजे काय, असे वाटे. त्या बाईंवर सावंत रागावले, तेव्हा मी त्यांना थांबवले.

नोंद पाहिली. शेजाऱ्यांनी नाव, वय, पत्ता व कारण सर्व बरोबर सांगितले आहे. खाडाखोड नाही.

नकला दोन घेतल्या. एक परवाच्या तारखेला कोर्टात दिली. चि. चंद्रप्रकाशचे नाव काढून टाकण्यात आले. दंड नंदूने स्वतःच्या नावाने भरला. गाडीही पुढील आठवड्यात त्याच्या नावावर होईल. दुसरी नक्कल सोबत पाठवीत आहे. रजिस्टर ऑफिसात ती ठेवून घेतात, तरी पोच मागून घ्यावी.

तुझ्या सासूबाईंना नक्कल मी वाचून दाखवली. शेवटपर्यंत वाचली. त्यांनी मध्ये थांबवले नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या, व कपाटातून गाडीचे पुस्तक काढून नंदूला दिले. मग तुझेही सांगितले. बराच वेळ त्या तांदूळ निवडत होत्या. नंतर म्हणाल्या, "रजिस्टर असलं तरी हळद लावून घे म्हणावं तिला. नको म्हणायचं नाही. लावायला कुणी नसेल तर मी येते." त्यांनी सांगितले तसे लिहिले आहे.

चि. शुभाचा गोवर उतरला असेल. उतरल्यावरही उन्हात पाठवू नये. श्री. टिपणीस यांस नमस्कार.

रजिस्टर लग्नास तीन साक्षीदार लागतात. तुझे बंधू अप्पा एक, श्री. टिपणीस यांच्याकडील एक धरले तरी एक कमी पडतो. आम्ही दोघे नाशिकला येऊ. तिसरी सही मी करीन. सही करणाऱ्यास तेथे नाते विचारतात. मी वडील असे सांगणार आहे. तुझी हरकत असल्यास उलट टपाली कळवावे.

सदाशिव पोतनीस